चांद्याचा परकोट आणि आमच्या तलावाची पार

गोंदियाहून बल्लारशाकडे जाणाऱ्या पॅसेंजरला सकाळी खिडकीची जागा मिळाली की अर्धा प्रवास झालाच समजा. मला मिळाली. समोरच्या जागेवर मी पिशवी ठेवली आणि सौंदडपर्यंत तीन जणांशी भांडून ती जागा राखली. ती बाबांसाठी होती. ते देवलगावला चढणार होते.

देवलगाव म्हणजे नवेगाव बांधचं जवळचं स्टेशन. आमचं गाव तिथून थोडं आत आहे. गाडी थांबली तेव्हा माझा मोठा भाऊ रमेशभाऊ बाबांना काखेत धरून उभा होता. त्याने त्यांना वर चढवलं, काठी वर दिली आणि मला म्हणाला, "नेऊन रायली त नेय. पन डोक्यात काई भरू नको त्याइच्या."

त्याचं म्हणणं मला कळत होतं. बाबा तीस-बत्तीस वर्षं आमच्या गावच्या तलावाचे पाणकर होते, म्हणजे तलावातलं पाणी कोणाच्या बांधीत (धानाच्या शेतात) कधी सोडायचं ते ठरवणारा आणि पार (तलावाचा मातीचा बांध) राखणारा माणूस. मागच्या पावसाळ्यात पारीच्या उतारावरून घसरून त्यांचं मांडीचं हाड मोडलं. आत सळई घातली आहे. आमच्या गावात रीत अशी की पावसाच्या आधी बैठक बसते आणि पाणकराने सगळ्यांसमोर पार या टोकापासून त्या टोकापर्यंत एकट्याने चालून दाखवायची. चालला तर वर्षभर काम त्याचं. बैठकीला दोन महिने उरले होते. रमेशभाऊ म्हणत होता, आता पुरे. बाबा जेवत मात्र अर्धंच होते.

मी आमच्या घरातली पहिली बी. ए. आहे. गोंदियात नोकरी करते, कुडव्याला खोली करून राहते. पेपर कसा सोडवायचा हे मला येतं असं मला वाटतं. म्हणून ठरवलं की बाबांचा सराव करून घ्यायचा, आणि तो जरा दूर, जिथे पडले-धडपडले तरी गाव बघणार नाही. चांद्याचा, म्हणजे चंद्रपूरचा, परकोट (शहराभोवतीची जुनी तटबंदी) मी कॉलेजात असताना पाहिला होता. सपाट, सोपा. त्यावर चालता येतं.

आईने तांदळाच्या भाकरी आणि लाखोरीचे वडे (लाख डाळीचे) बांधून दिले होते. वडसा येईपर्यंत वडे संपले. नागभीडच्या पुढे जंगलात पळस फुलला होता. बाबा बाहेर बघत होते, पण पळस नाही. प्रत्येक तलाव बघत होते. "हा आटला. हा ठीक हाये. ह्याची पार कोनी पायलीच नाई."

चांदा फोर्टला दुपारी उतरलो. जटपुरा गेटजवळ लॉज घेतलं आणि ऊन कलल्यावर निघालो.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी सांगते. जटपुरा गेट पाहायचा, त्यावर हत्तीवर चढलेला सिंह कोरला आहे. तिथून बगड खिडकीकडे यायचं. खिडकी म्हणजे परकोटातला छोटा दरवाजा. तिथून भिंतीवर चढता येतं. भिंत एवढी रुंद आहे की दोन माणसं गप्पा मारत जातील. एका अंगाला रामाळा तलाव, दुसऱ्या अंगाला शहर. म्हाताऱ्या माणसालाही जमेल.

माझ्या म्हाताऱ्या माणसाने मात्र वर चढायलाच नकार दिला.

"काऊन?" मी म्हटलं. "इतक्या दूर कायले आलो मग?"

"पारीवरून चालनारा पानी पायते. खालून चालनारा पार पायते," बाबा म्हणाले. त्यांनी चपला काढून पिशवीत टाकल्या आणि काठी टेकत भिंतीच्या पायथ्याने चालू लागले.

मग वरून मी आणि खालून ते, अशी आमची वरात निघाली. मी वरून ओरडून सांगायची, "इथून तलाव काय दिसते!" खालून उत्तर यायचं, "इथून भिंतीले पडलेली भेग दिसते." एका जागी त्यांनी काठीचं टोक दगडांच्या फटीत घातलं आणि उगवलेलं पिंपळाचं रोप ओढायला लागले.

"ओ काका!" राखणदार धावत आला. "हात नका लावू जी. सरकारी भिंत होय."

"पिंपळ होय गा. आज बोटाएवढा हाये, उद्या तुही भिंत उचलून फेकन."

"माही कुठची? सरकारची."

"मग सरकार येऊन उपटते का?"

राखणदाराने इकडेतिकडे पाहिलं. मग पाठ फिरवून म्हणाला, "उपटा. मले दिसलं नाई."

त्या संध्याकाळी बाबा तीनदा बसले. मी मनात नोंद केली. लॉजवर पोटभर जेवले. मला वाटलं, जमलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तर्री-पोहे खाऊन अंचलेश्वर गेटला गेलो. गेटजवळ चहा घेतला. चहावाल्या बाईने बाबांची काठी पाहून विचारलं, "बाबाजी, कुठून आले? देवदर्शनाले?"

"नाई माय. भिंत पायाले."

"भिंत? आमी जनमभर पाहून रायलो. ते काई देत नाई."

"पडली नाई ना अंगावर? तेच देते ते," बाबा म्हणाले. बाई इतकी हसली की दुसरा चहा तिने आपणहून दिला.

हा रस्ता सगळ्यात सोपा. गेटमधून बाहेर पडलं की झरपट नदी. अंचलेश्वराचं मंदिर पाहायचं आणि नदीच्या अंगाने महाकालीच्या देवळापर्यंत जायचं. बाबा एकदाच बसले. मी खुशीत होते. तेवढ्यात ते रस्ता सोडून काठाचा उतार उतरायला लागले. चार पावलं गेले. पाचव्याला पाय थरथरला आणि ते मातीतच बसले. मी धावले, पण त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

काठीने उताराची माती उकरून पाहिली. मग म्हणाले, "सपाटावर चालतो मी. उतारावर नाई."

"पण बैठकीत वरूनच तर चालायचं आहे," मी म्हटलं. "वर सपाटच आहे. तुम्ही आरामात चालाल. मी पाहिलं ना."

"चालन. बैठक हो म्हनन. मग?"

"मग काय? झालं."

"तू पास होनं शिकली बाई," बाबा म्हणाले. आवाज रागाचा नव्हता. "पानी पेपर नाई तपासत. पार फोडते. पार खालून पायाची असते, आन् खाली उतरनं माह्यानं होत नाई आता."

मी त्यांच्या काखेत हात घातला. त्यांना उठवलं, तेव्हा या प्रवासात पहिल्यांदा त्यांनी माझा खांदा धरला. तसेच महाकालीपर्यंत गेलो. पठाणपुरा गेट पाहायचा राहिला. तो तुम्ही पाहा.

परतीच्या गाडीत बाबा एकही तलाव बघत नव्हते. डोळे मिटून होते. मी त्यांच्याबरोबर देवलगावलाच उतरले. रमेशभाऊ मोटरसायकल घेऊन आला होता. त्याने आधी बाबांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली.

"तलावावर घे," बाबा म्हणाले.

तिघं एका गाडीवर गेलो. ऊन उतरलं होतं. पाणी अर्ध्यावर आलेलं, पलीकडे बगळे. बाबा पारीवर चढले आणि काठी टेकत निघाले. या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले. एकटे. कुठेही बसले नाहीत. बैठक असती तर टाळ्या पडल्या असत्या. रमेशभाऊ बघतच राहिला.

"झालं ना?" तो म्हणाला. "मग ठेवा ना तुमचं काम. मी काई म्हनत नाई आता."

"आता तू चाल. खालून."

"मी?"

"मग कोन, हे बी. ए.?"

रमेशभाऊ कुरकुरत पलीकडच्या उतारावरून खाली गेला. बाबा वरून त्याच्या बरोबरीने चालत होते. तुडुमाच्या (पाणी सोडायच्या दाराच्या) पुढे गेल्यावर त्याने वर पाहून सांगितलं, "सगळं कोरडं हाये, बाबा."

"चप्पल काढ."

"कोरडं दिसून रायलं ना!"

"दिसून रायलं. चप्पल काढ."

त्याने चप्पल काढली. दोन पावलं गेला, परत मागे आला, तिथेच उभा राहिला. पाय उचलून दुसऱ्या जागी ठेवला. मग पुन्हा पहिल्या जागी.

"इथं थंड लागते," तो हळू म्हणाला.

"किती?"

"मडक्याखालच्या मातीवानी."

बाबांनी काठी तिथेच पारीत रोवली, खूण म्हणून. "पानी झिरपून रायलं तिथं. पावसाच्या आधी माती भराची. बैठकीत तुह्यं नाव सांगतो मी." आणि काठीशिवाय, माझा खांदा धरून, ते घराकडे निघाले.

चांद्याला जायचं तर हिवाळ्यात किंवा फाल्गुनात जा, ऊन वाढायच्या आत फिरा. परकोटावरून रामाळा छान दिसतो, वाट सोपी आहे, मी खोटं सांगत नाही. पण थोडा वेळ हाताशी असेल तर खाली उतरा, चपला काढा आणि भिंतीच्या पायथ्यानेही थोडं चाला. मी दोन दिवस वरूनच चालले.