घरमालकिणीचं डोकं आणि ब्रह्मदेशाचं नवीन वर्ष

सर्व सुजाण वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की नव्वदच्या दशकातल्या एका एप्रिलमध्ये ब्रह्मदेशाचं नवीन वर्ष टोकियोशेजारच्या इचिकावात, आमच्या न्हाणीघराच्या दारात अडून बसलं होतं. आत यायला त्याला एक म्हातारं डोकं हवं होतं, आणि ते आमच्याकडे नव्हतं.

आमच्याकडे म्हणजे माझ्याकडे आणि खालच्या मजल्यावरच्या ब्रह्मी शेजारणीकडे. माझा नवरा संशोधनासाठी जपानला आला होता आणि मी नवऱ्यासाठी. तिचाही नवरा शिकायला आलेला, आणि ती एका उपाहारगृहात भांडी घासायला जायची. जपानी आम्हा दोघींना सारखंच मोडकंतोडकं यायचं, त्यामुळे एकमेकींचं बोलणं फार छान कळायचं. ती मला 'अमा' म्हणायची, म्हणजे ताई.

आमचं जमलं ते कॅलेंडरमुळे. पहिल्यांदा घरी आली तेव्हा चहाकडे न बघता ती पुण्याहून आलेल्या माझ्या कॅलेंडरसमोर जाऊन उभी राहिली आणि बोट ठेवून पौर्णिमा, अमावास्या ओळखू लागली. त्यांच्याकडेही अधिक महिना असतो. पावसाळ्यात चातुर्मासासारखा काळ असतो, त्यात लग्न करत नाहीत. पौर्णिमा आली की सुट्टीची आशा असते. बुधवार तर त्यांचे चक्क दोन: दुपारपर्यंतचा साधा आणि त्यानंतरचा राहूचा. शिवाय ज्या वारी जन्मलात त्या वाराचा प्राणी तुम्हाला मिळतो. मी सोमवारची, म्हणून वाघ. ही बातमी मी नवऱ्याला ताबडतोब दिली. तो गुरुवारचा, म्हणून उंदीर.

"म्हणजे दिवसभर मी नातेवाइकांनाच इंजेक्शनं देतो," तो म्हणाला. प्रयोगशाळेत त्याचं तेच काम होतं.

तर तिंजान. हे त्यांचं नवीन वर्ष एप्रिलच्या मध्यात येतं. आपली संक्रांतच ती, फक्त मेषेची. इंद्र खाली उतरतो, सगळा देश सुट्टी घेऊन रस्त्यावर येतो आणि दिसेल त्याला पाण्याने चिंब करतो. मग वर्षाच्या पहिल्या दिवशी घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं डोकं तरुणांनी धुवायचं, त्यांच्या पाया पडायचं, आशीर्वाद घ्यायचा.

"रस्त्यात पाणी उडवलं तर इथे पोलीस येतील, ते मला कळतं," ती म्हणाली. "पण एक डोकं तरी पाहिजे, अमा."

लहानपणापासून दर वर्षी तिने आजीचं डोकं धुतलं होतं. आता घरी जाण्यासारखी परिस्थिती नव्हती. का, ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. आदल्या वर्षी ती नुकतीच इथे आली होती, तेव्हा कोणाचंच डोकं धुतलं गेलं नाही. त्या वर्षी तिच्या नवऱ्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं, तिचं पहिलं काम सुटलं आणि घरून फोन आला तो आजी गेल्याचा. यंदाही वर्ष असंच कोरडं सुरू झालं तर पुढे काय वाढून ठेवलं असेल, या विचाराने तिला जेवण जात नव्हतं.

"माझं धू की," मी म्हटलं.

"तुम्ही म्हाताऱ्या नाही."

या उत्तरासाठी मी तिला आणखी एक लाडू दिला.

इमारतीत सत्तरीच्या पुढचं डोकं एकच होतं आणि ते घरमालकिणीचं होतं. या बाईंचा धाक असा, की त्या जिन्यात भेटल्या की नवरा विनाकारण दिलगिरी व्यक्त करायचा. चुकीच्या दिवशी टाकलेली कचऱ्याची पिशवी त्या आमच्या दाराशी परत आणून ठेवायच्या, वर कमरेत वाकून नमस्कारही करायच्या.

त्यांना आमंत्रण द्यायला अर्थातच वाघाला पाठवण्यात आलं. जिन्यात मी आठ वेळा वाक्य जुळवून पाहिलं, पण "आमच्याकडे या, तुमचं डोकं धुवायचंय" हे सभ्यपणे कसं म्हणायचं ते कोणत्याच भाषेत सुचेना. शेवटी मी म्हटलं, "मैत्रिणीचं नवीन वर्ष आहे. त्या दिवशी वडीलधाऱ्यांच्या केसांना पाणी लावून नमस्कार करायची पद्धत आहे."

"वृद्धांच्या सन्मानाचा दिवस सप्टेंबरात असतो," त्या म्हणाल्या.

"त्यांचा एप्रिलमध्ये असतो."

यावर त्यांनी बराच विचार केला आणि येते म्हणाल्या.

त्या दिवशी सकाळपासून माझ्या स्वयंपाकघरात शिकेकाई उकळत होती. आईने पार्सलमधून पाठवलेली. वास आला तशी शेजारीण पातेल्यावर वाकली आणि म्हणाली, "ही आमची आहे."

"आमची काय? कोल्हापूरची आहे."

"नवीन वर्षाला आम्ही हिनेच डोकं धुतो. त्यात एका झाडाची साल घालतो, बास."

"साल आणलीयस?"

"नाही."

"मग आजच्यापुरती कोल्हापूरची."

ती हसली. आठवडाभरात पहिल्यांदा.

ठरल्या वेळी, ठरल्या मिनिटाला, बेल वाजली. दार उघडलं आणि माझ्या हातातला डाव तसाच राहिला. घरमालकीणबाई फिकट राखाडी किमोनोत उभ्या होत्या, हातात मिठाईचा खोका, आणि डोक्यावर पार्लरमधून नुकतीच करून आणलेली रचना: लाटांवर लाटा, किंचित जांभळी झाक आणि वर इतका स्प्रे की वाऱ्याचीही आत शिरायची हिंमत होऊ नये. देवळात शिरताना हातावर घेतात तसे चार थेंब केसांना लागतील अशी त्यांची समजूत होती, आणि त्या थेंबांसमोर गबाळे केस नेणं त्यांना शोभणार नव्हतं.

आमच्या मागे शिकेकाईची वाफाळती बादली.

शेजारणीने माझ्याकडे पाहिलं. मी तिच्याकडे. मग तिने बाईंना आत बसवलं, निमूटपणे गुडघे टेकले, वाटीतल्या साध्या पाण्यात बोटं बुडवली आणि चार थेंब त्या रचनेवर शिंपडले. अळवाच्या पानावरून घरंगळावेत तसे ते खाली आले, एक तर थेट बाईंच्या नाकावर. ती पाया पडली आणि हसून म्हणाली, "झालं."

"झालं असं तुमच्या तोंडाकडे बघून वाटत नाही," घरमालकीणबाई म्हणाल्या. "तुमच्या घरी कसं करतात?"

तिने सांगायला सुरुवात केली. शब्द संपले तिथे हातांनी दाखवलं: पाठीला पाठ लावून बसलेल्या आज्या, पाण्याची भांडी, केसांतून फिरणारी बोटं. आपल्या आजीशी आली आणि तिचे हात हवेतच थांबले. बादलीकडे मात्र तिने एकदाही बोट दाखवलं नाही. बाईंनी ती स्वतःच पाहिली. वास घेतला. मग उठून आरशासमोर गेल्या आणि आपल्या केसांकडे, निरोप घ्यावा तशा, क्षणभर बघत राहिल्या.

"ओकु-सान," म्हणजे आपल्या 'वहिनी'सारखं, त्या मला म्हणाल्या, "एखादा जुना कपडा असेल का? किमोनो भिजायला नको."

मी जे पहिलं हाताला लागलं ते दिलं. पाचच मिनिटांत, मोठमोठ्या सूर्यफुलांच्या माझ्या सुती गाऊनमध्ये, आमच्या इमारतीचा धाक न्हाणीघरातल्या ठेंगण्या स्टुलावर बसला होता आणि केसांतला एकेक आकडा काढून माझ्या तळहातावर ठेवत होता. नवरा त्याच वेळी घरी आला, दारातून ते दृश्य पाहिलं, सवयीने दिलगिरी व्यक्त केली आणि पुन्हा बाहेर गेला.

पहिला तांब्या ओतला तेव्हा लाटा तशाच राहिल्या. दुसऱ्याला त्या खचल्या. पाणी जांभळं, मग तपकिरी झालं. शेजारीण तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटत होती, बोटं सावकाश, कानापासून टाळूपर्यंत. मी तांब्या धरून उभी होते. न्हाणीघराला देवघराची कळा आली होती. ती मनोभावे चोळत होती आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी बिनबोभाट शिकेकाईत मिसळत होतं. आता आशीर्वादाची वेळ झाली आहे असं मी हळूच सुचवलं.

घरमालकीणबाईंनी डोळे मिटलेलेच ठेवले आणि त्या एकदम म्हणाल्या, "पार्लरमध्ये दर वेळी विचारतात, कुठे खाजतंय का, आणि मी जन्मभर नाही म्हणत आले, उजव्या कानामागे, पोरी, जरा जोरात."