आबांची हाक

चूक आधी सांगतो. जिवंत माणसाच्या उशाशी उभा राहून मी तो नसल्यासारखा बोललो.

त्यानंतर जे घडलं, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमचं गाव सेनगाव तालुक्यात. वडिलांचं, म्हणजे आबांचं, आयुष्य मेंढरांमागे गेलं. माझं हिंगोलीत स्पेअर पार्ट्सचं दुकान. गेल्या हिवाळ्यात आबांना न्यूमोनिया झाला. वय बघून डॉक्टरांनी थेट आयसीयूत घेतलं... घशात नळी, व्हेंटिलेटर, झोपेचं औषध.

तिथेच उभं राहून मी गावी बायकोला फोन केला. ''आबांचं आता काही खरं न्हाई. उद्या व्यापाऱ्याला बोलव, मेंढरं देऊन टाक.'' सिस्टर रागावली, फोन बाहेर करा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आबांजवळ होतो. अचानक मॉनिटर वाजायला लागला. आबांचा गळा ताणला गेला, नळीभोवती ओठ हलले. आवाज कुठला निघणार? डॉक्टर धावत आले... तोवर मॉनिटरचे आकडे पूर्ववत झाले होते, आबा पुन्हा औषधाच्या झोपेत होते.

बाहेर आलो तर बायकोचा फोन. ''आबांना दवाखान्यातून सोडलं का?''

अर्धी मेंढरं टेम्पोत चढली होती म्हणे, तेवढ्यात गोठ्यामागून आबांची हाक आली — टाळूला जीभ लावून काढलेली, लांबलचक. चढलेली मेंढरं उड्या टाकून माघारी आली. गोठ्यामागे कुणीच नव्हतं. हाक व्यापाऱ्यानेही ऐकली. ''मालक घरात असून चोरून काहून इकून राहिले, वहिनी?'' असा टोमणा मारून तो रिकामा टेम्पो घेऊन गेला.

आमच्यात ज्याची त्याची हाक वेगळी असते. कोकरू जन्मल्यापासून तीच ऐकतं, दुसऱ्याच्या हाकेला मान वळवत नाही. माझ्या हाकेला तर कधीच नाही. कुणी नक्कल केली असेल म्हणावं, तर मेंढरं फसली कशी? खूप डोकं चालवलं. आता चालवत नाही.

नळी निघाल्यावर आबांचा आवाज नुसता खरखरत होता. मेंढरांचं त्यांना कुणीच काही सांगितलं नव्हतं. त्यांनी पहिलं हेच विचारलं, ''समदी आली का माघारी?''

''आली, आबा.''

''पांढऱ्या कानाची?''

''व्हय. ती बी.''

त्यांनी डोळे मिटले. सुईची पट्टी लावलेला त्यांचा हात मी कपाळाला लावला.

''तुमी हितं असून म्या तुमाला नसल्यात धरलं, आबा. माझं चुकलं.''