देवळामागचं पाणी

लोकांना वाटतं, त्या दिवशी मी मोठं काम केलं. मला मात्र ते आठवलं की मान वर करवत नाही.

आमची केळीची वाडी आगाशीच्या पश्चिमेला, अर्नाळ्याच्या रस्त्याला लागून. शेजारच्या वाडीच्या मालकाने विहीर खोल केली, मोठा पंप बसवला आणि पाणी टँकरवाल्यांना विकायला काढलं. दिवसभर टँकर भरायचे आणि निघून जायचे. पंप जसा उपसत गेला तसं समुद्राचं पाणी जमिनीखालून आमच्याकडे सरकत आलं. आधी डाळ शिजेना. मग केळीच्या पानांच्या कडा करपायला लागल्या. त्याच सुमाराला माझ्या सासूबाईंनी, आम्ही त्यांना आय म्हणायचो, पिण्याचं पाणी देवळामागच्या विहिरीवरून आणायला सुरुवात केली. आपल्या विहिरीचं पाणी बिघडलं असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. म्हणायच्या, तिकडचं पाणी जरा हलकं आहे.

अशी विहिरी खारावलेली घरं बरीच झाली तेव्हा आमच्या भागात एक मंडळ निघालं. मास्तर, बागाइतदार, बँकेत जाणारे दोघेतिघे आणि एक वकीलबाई. हे, म्हणजे माझे मिस्टर, त्यात होते. झाडं तोडण्याविरुद्ध, रेती काढण्याविरुद्ध मंडळ नुसते अर्ज करायचं. पाण्यासाठी मात्र ते थेट कोर्टात गेलं. समोरच्या बाजूने सांगितलं, ही माणसं खोटं बोलतात, विहिरी गोड आहेत. म्हणून कोर्टाने एक अधिकारी नेमला, घरोघर जाऊन बघायला. ते आधी चव घेणार आणि खारं लागलं तरच तपासणीची बाटली भरून नेणार, असं ठरलं होतं.

पंपाला सगळ्यांत जवळचं घर आमचं. आमच्याकडची बाटली गेली नाही तर पंप बंद करा म्हणायला आधारच उरणार नाही, असं वकीलबाईंनी आदल्या दिवशी येऊन समजावलं. मला म्हणाल्या, तुम्ही काही बोलायचं नाही, नुसतं तुमच्या विहिरीचं पाणी साहेबांना प्यायला द्या. मला बरं वाटलं. चार माणसांत बोलायचं म्हटलं की मला घाम फुटतो. चौथीनंतर शाळा सुटली, आणि घरच्या बोलीत पाण्याला पानी म्हणतात, ते बाहेरच्यांसमोर तोंडातून निघू नये म्हणून मी बहुतेक गप्पच असायची.

साहेब आले ते मंडळाच्या लोकांबरोबर, आणि समोरच्या बाजूचा वकीलही होता. ओटी माणसांनी भरून गेली. मी मागच्या दारी विहिरीतून काढलेली कळशी घेऊन आत आले तर आय ओटीवर पोचल्या होत्या. घासून लखलखीत केलेला तांब्या, पेला, बशीत गुळाचा खडा. पाहुणा ओटी चढला की आधी पाणी द्यायचं, कामाचं मग विचारायचं, ही आमच्याकडची रीत. पेल्यातलं पाणी देवळामागचं होतं. मला दारातूनच कळलं, कारण आमच्या विहिरीची कळशी अजून माझ्याच हातात होती.

साहेब सगळा पेला प्यायले. म्हणाले, "गोड आहे की."

समोरचा वकील हसला. "यांना हे खारं लागतं, साहेब. मुंबईकरांना असं मिळालं तर ते पाया पडतील यांच्या."

आय खूश झाल्या. आणखी देऊ का म्हणून विचारायला लागल्या. त्यांना कोर्ट, बाटली सगळं माहीत होतं. पण घरी आलेल्या माणसाच्या हातात खारं पाणी ठेवायचं, हे त्यांच्या हाताला जमलं नाही. साहेबांनी वही मिटली. वकीलबाई आमच्या यांच्याकडे बघत होत्या आणि हे जमिनीकडे. आईला पाहुण्यासमोर खोटं कसं पाडायचं, हे त्यांना सुचत नव्हतं.

मी दाराच्या आडूनच बोलले. "सायेब, ते पानी आमचे बावीचं नाय. देवळामागचं हाय."

साहेबांबरोबरचा कारकून गालात हसला. पानी म्हणाले म्हणून हसला, हे मला कळलं. कानशिलं तापली. साहेबांनी विचारलं, "मग तुमच्या विहिरीचं कुठे आहे?"

मी कळशी बाहेर आणली. पेला आयच्या हातात होता. त्या सोडेनात. मला तो ओढून घ्यावा लागला, सगळ्यांच्या देखत.

साहेबांनी घोट घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला. त्यांना तो गिळता येईना. उठून ओटीच्या कडेला गेले आणि अंगणात थुंकले. मग रुमालाने तोंड पुसत कारकुनाला म्हणाले, "बाटली भरा. दोन भरा."

मंडळाची माणसं एकमेकांकडे बघून हसली. कुणीतरी यांच्या पाठीवर थाप मारली. वकीलबाईंनी माझा हात धरला. मला त्यातलं काही दिसत नव्हतं. आमच्या घरचं पाणी पाहुण्याने आमच्याच अंगणात थुंकलं होतं आणि आय ते उभ्या उभ्या बघत होत्या.

सगळे गेल्यावर त्या चुलीपाशी बसून राखेने तो पेला घासत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आपल्या घराचं पानी थुकवलंस गे तू."

तसं केलं नसतं तर वाडी गेली असती, हे त्यांनाही ठाऊक होतं.

पुढे कोर्टाने निकाल लागेपर्यंत पंप बंद ठेवायला सांगितलं. मंडळाने सभा घेतली आणि माझा सत्कार करायचं ठरवलं. मी डोकं दुखतं म्हणून घरी राहिले. नारळ आणि शाल मंडळाने यांच्या हाती घरी पाठवली. ती शाल आयच्या नजरेस पडेल अशी मी कधी ठेवली नाही.

पावसाळे गेले तशी विहीर हळूहळू सुधारली. पहिल्यासारखी नाही, पण पिता येतं. आय मात्र त्यानंतर कुणी आलं की मागे वाडीत निघून जायच्या, केळीचा पाला काढायचा आहे म्हणून. पाणी मीच द्यायची. आता त्या नाहीत, तरी अजून पाहुण्याने पेला तोंडाला लावला की मी त्याच्या गळ्याकडे बघत राहते, घोट खाली उतरेपर्यंत.