एका प्रार्थनेएवढी बैठक

नगरहून सुटलेल्या एस.टी.त मी डावा पाय ताठ पुढे काढून बसलो होतो आणि येणारा-जाणारा त्याला अडखळून माझ्यावरच डोळे वटारत होता. वर्षापूर्वी सायकलवरून पडलो, तेव्हापासून गुडघा वाकतच नव्हता. आणि मी कोण, तर मिशनच्या शाळेतला ड्रिल मास्तर! हेडमास्तरांनी साफ सांगितलं होतं, "जूनमध्ये मुलांपुढे एक पुरी बैठक मारून दाखवा, नाहीतर कचेरीत बसा." कचेरीत? मी? डोकंच फिरलं. आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांनी सोलापुरात तालीम चालवणाऱ्या देवदास वस्तादांना पत्र लिहिलं आणि ऐन उन्हाळ्यात मी निघालो.

स्टँडवर वस्तादांचं नाव सांगून टांगा केला. "वो ईसाई पैलवान? बैठो की!" टांगेवाला म्हणाला. सात रस्ता चौक मागे पडला आणि थोड्या वेळाने मागांची खटखट ऐकू येऊ लागली.

वस्ताद साठीचे तेलुगू विणकर. उजव्या हाताची दोन बोटं मागात गेलेली. त्यांच्या घरी कडक भाकरी (पापडासारखी वाळवलेली) आणि शेंगांची चटणी खाता खाता मी सुस्कारा टाकला, "वस्ताद, हा पाय म्हणजे माझा वधस्तंभ, माझा क्रूस. प्रभूने दिलाय, सोसतोय."

"त्यो उचलून चालायला दिलाय की, मास्तर. तुमी तर त्याला टेकून बसलाय!"

असा राग आला म्हणून सांगू!

पहाटे तालमीत गेलो. वस्तादांकडे घड्याळ नव्हतं. वरून टांगलेला दोर धरून जमेल तेवढं वाकायचं, मनात प्रभूची प्रार्थना (रोजची भाकर आणि अपराधांची क्षमा मागणारी) म्हणायची आणि आमेन झाल्यावरच उठायचं. असं दहा वेळा. दुसऱ्या दिवशी कळ थेट मस्तकात गेली. मी ओठ भराभर हलवले आणि "आमेन!" म्हणून उठलो.

वस्ताद हसले. "मास्तर, मधली भाकर कुटं गेली? आन् क्षमा? समदं गिळलं व्हय?"

मी लाजेने चूर. "लई दुखतंय हो."

"दुखनारच की. उद्यापासनं मोठ्यानं म्हनायचं. जरा कळ काढा."

उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) मला वाटलं, आज तरी सुट्टी. छे! वस्ताद स्वतःच माझ्याशेजारी वाकले. त्यांचे गुडघे कडकड वाजले, चेहरा पिळवटला. "मला बी दुखतंय," ते म्हणाले, "म्हनून तर संगट वाकायचं." त्या सकाळी मी रडलो आणि रडत रडत दहाच्या दहा बैठका पुऱ्या केल्या. दीड महिन्याने दोर न धरता बैठक जमू लागली.

जूनमध्ये नगरला परतलो. मैदानात पोरं रांगेत उभी, समोर हेडमास्तर. मी खाली बसू लागलो. गुडघ्यात आग पेटली. उठलो असतो लगेच, पण सवय! तोंडातून मोठ्याने प्रार्थना निघाली. पोरांना वाटलं, शाळेची प्रार्थनाच सुरू झाली. त्यांनी हात जोडले, माझ्याबरोबर म्हणू लागली. इतके दिवस मी एकटाच सोसतोय असं समजत होतो, किती खुळा! आमेन झालं आणि मी ताठ उभा राहिलो.

प्रार्थनेसाठी मिटलेले डोळे हेडमास्तरांनी तेव्हा कुठे उघडले. "आमेन," ते म्हणाले. "हं, आता मारा बैठक."

पोरं खो खो हसली. मी हसलो आणि पुन्हा खाली बसलो. प्रार्थना सुरुवातीपासून सुरू केली, मधली भाकर न गिळता.