बारा पटीची दुर्बीण

फ्रॉक दिसेना. पिवळा फ्रॉक, आताच तर होता काठावर, आणि दुर्बिणीत नुसतं पाणी, मग आभाळ, परत पाणी. होडी हलते तसं सगळंच उड्या मारतंय, श्वास धरला, कोपरं गुडघ्यांवर टेकवली, तरी काठ काही सापडेना. तीन वर्षांची पोरगी माझी, सासूच्या भरवशावर ठेवलेली, आणि मी धरणाच्या मधोमध.

आमच्या बचत गटाला कयाक मिळाल्या, म्हणजे प्लास्टिकच्या अरुंद होड्या. थंडीत बदकं बघायला लोक येतात, त्यांना फिरवायचं. मी हो म्हटलं ते एकाच बोलीवर, गटाची दुर्बीण माझ्या गळ्यात राहील, पाण्यातून पोरीवर नजर ठेवीन. म्हणून ती निवडायला गट चालवणाऱ्या अक्कांसोबत जळगावला मीच गेले.

दुकानदारानं दोन काढल्या. एक लहान, आठ पट दाखवणारी, रबर चढवलेली. एक लांब, जड, बारा पटीची. म्हणाला, "ताई, होडीतून बघायचं ना, मग आठचीच घ्या. मोठीत हात जरा हलला की सगळं हलतं." सातवीत शाळा सुटली माझी, बारा आठापेक्षा जास्त एवढंच कळतं. वाटलं, खेड्यातल्या बाया बघून हा लहानच गळ्यात मारतोय. दुकानाच्या पायरीवर उभी राहून मोठी डोळ्याला लावली, तर समोर तिसऱ्या मजल्यावर वाळणाऱ्या साडीच्या फॉलची टीपसुद्धा दिसली.

"भाऊ, माझी पोरगी अशी दिसली पाहिजे."

तो हसला. "पोरगी काय दुर्बिणीतून बघता, बदकं बघा."

त्या हसण्यावर मोठीच घेतली. पायरी हलत नाही, होडी हलते, हे डोक्यातच आलं नाही.

त्या दिवशी माझ्या मागच्या होडीत भुसावळचे नवरा-बायको होते, पहिल्यांदाच वल्हं धरलेले, आणि वारा सुटलेला. फ्रॉक दिसेना तशी मी म्हटलं, "भाऊ, इथंच थांबा, आलेच," आणि काठाकडे वल्हं मारत सुटले. तो मागून ओरडत होता, "अहो ताई, आम्हाला वळवता येत नाही."

काठावर सासू निंबाखाली बसलेली, पोर तिच्या मांडीवर, अंगावर गोधडी. "आठेच तं शे. निजी गई. कितली घाबरस तू?" पोर इथंच होती, गोधडीखाली झोपलेली. मी तिथंच चिखलात बसले.

त्या दोघांची होडी वाऱ्यानं लांब गवतात नेऊन घातली, मासे धरणाऱ्यांनी ओढून आणली. ती बाई लटलट कापत होती. अक्का सगळ्यांसमोर म्हणाल्या, "पाहुण्यांना पाण्यात टाकून येतात का? आणि दुर्बीण तुझ्याच पसंतीची ना, मोठीच पाहिजे होती तुला." दुसऱ्या दिवशी माझी होडी दुसरीला दिली. सासू म्हणते बरं झालं.

दुर्बिणीत चुकले, कबूल. पण होडी वळवली त्याचं सांगा मला. मागे दोन परकी माणसं, वारा वाढतोय, आणि काठावर तुमची पोर दिसत नाही. तुम्ही काय केलं असतं?