खताच्या कोठीची किल्ली

जयाकाकूंच्या दारात पाऊल टाकलं की नाव विचारायच्या आधी हातात बशी यायची. २०१४ साली लग्न होऊन मी डहाणूला त्यांच्या शेजारी राहायला आले, तेव्हा पहिल्याच सकाळी त्यांनी मला घावनं खाऊ घालून बेजार केलं. "पोट भरलं, काकू," म्हटलं तर म्हणाल्या, "पोटाला काय कळतंय? त्याचं नको ऐकूस." पोस्टमन, मीटरवाला, वर्गणी मागणारे, कुणाचीच सुटका नव्हती.

झाडांची तर नव्हतीच नव्हती. चिकूच्या वाडीतल्या एका कोपऱ्यात हिरवी जाळी लावून काकूंनी अँथुरियमच्या कुंड्या मांडल्या होत्या. रोपं आली ती नारळाच्या सोडणात, म्हणजे सालीच्या काथ्यात. काकू हळहळल्या. "सोडणात काय असतं गं खायला? चोथ्यावर ठेवलंय लेकरांना मेल्यांनी!" लगेच वाडीतली काळी माती, शेणखत आणि वरोरच्या किनाऱ्यावरून आणलेलं मासळीचं खत कुंड्यांत दाबून भरलं. पानं ही एवढी मोठी झाली. फूल मात्र एक नाही. आळीतली सगळी मांजरं तेवढी जाळीत मुक्कामाला आली.

वाडी अण्णांची, म्हणजे काकूंच्या सासऱ्यांची. त्यांनी एकदाच सांगितलं, "चैत्रात महालक्ष्मीची यात्रा आहे. तोवर तिथे विकण्याजोगी फुलं दिसली नाहीत तर जाळी उतरवायची आणि गाय बांधायची. गाय निदान दूध देते." काकूंनी उभ्या आयुष्यात स्वतःसाठी मागून घेतलेली तेवढीच जागा. त्यांचा जीव टांगणीला लागला. त्यात पानं पिवळी पडू लागली. "अशक्तपणा आलाय गं," म्हणत त्यांनी आणखी खत घातलं.

दिवाळीनंतर त्यांची लेक तलासरीला बाळंत झाली. काकू डिंकाचे लाडू घेऊन गेल्या आणि तणतणत परत आल्या. बाळाला गुटी चाटवायला गेल्या तर नर्सबाईंनी हात धरला होता. सहा महिने फक्त आईचं दूध. "वर पाणीसुद्धा द्यायचं नाही म्हणे! अगं, दारी आलेल्या पाहुण्याला आपण आधी पाणी विचारतो!" मग पुटपुटल्या, "पण कार्टी टुमटुमीत आहे हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला जाळीत हाक मारली. एक कुंडी उपडी केली. आत नुसता चिखल, मुळं काळी, हात लावला तर मेणासारखी मऊ. काकू तिथेच खाली बसल्या. "उपाशी नव्हती गं ही. गुदमरत होती. आणि मी वरून भरवतेय."

सडकी मुळं आम्ही छाटली. लाल पाणी जायचं थांबेपर्यंत सोडण धुतलं, त्यात विटांचे तुकडे आणि कोळसा मिसळला, म्हणजे मुळांना हवा मिळेल. खत पंधरवड्यातून एकदा, पाण्यात चिमूटभर. खरी परीक्षा ही होती. काकूंनी खताच्या कोठीला कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. "मागितली तरी देऊ नकोस. माझा माझ्यावरच भरवसा नाही."

मागितली की! दुसऱ्याच दिवशी. आधी गोड बोलून, मग गरम घावन पुढे करून, शेवटी "कोठीत चष्मा राहिलाय" म्हणून. चष्मा नाकावर होता. मी नाही दिली. दोन दिवस माझ्याशी अबोला, पण बशी तेव्हाही आलीच.

यात्रेच्या तोंडावर पानांच्या बेचक्यांतून लाल टोकं डोकावली. अण्णा काठी टेकत आले, काठीनेच एक पान बाजूला सारलं आणि म्हणाले, "गाय आहे तिथे बरी आहे." काकू त्या दिवशी अण्णांसमोर मोठ्याने हसल्या. पुढे दरवर्षी यात्रेत त्यांच्या कुंड्या असायच्या.

२०१९ मध्ये काकू आजारी पडल्या आणि त्यांचं अन्न तुटलं. मी रोज डबा घेऊन जायचे. मऊ भात, वरण, थोडं तूप. "काकू, अजून एक घास. माझ्यासाठी." त्यांनी माझा हात बाजूला सारला.

"किल्ली कुठाय?"

"माझ्याकडे आहे."

"मग लाव की कुलूप."

मला हसूही आलं आणि रडूही. मी डब्याला झाकण लावलं आणि नुसती त्यांच्याजवळ बसून राहिले.

किल्ली अजून माझ्याकडेच आहे. गोड बोलून मागायला कुणी येत नाही, याचं फार वाईट वाटतं.