वरच्या खुणेपर्यंत

फ्लायओव्हरच्या चढावर माझ्या गाडीनं पहिल्यांदा दगा दिला तो ऑफिसातून घरी येताना. अ‍ॅक्सिलरेटर दाबला, इंजिन बोंबललं, आणि गाडी जागची हलेना. मागे बस, बाजूला ऑटो, सगळ्यांचे भोंगे एकदम सुरू. मग आत काहीतरी धाडकन आपटलं आणि गाडी पुढे झेपावली. घरी पोचले तेव्हा स्टिअरिंग घामानं ओलं झालं होतं.

माझा डावा पाय पोलिओनं लहानपणीच गेला. लोखंडी पट्ट्यांचं कॅलिपर घालून चालते. क्लच दाबणं या जन्मी नाही, म्हणून अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ही ऑटोमॅटिक गाडी हुडकून आणली. तेव्हाच ती जुनी होती, आता तर म्हातारी झाली. पण राजाजीनगरच्या घरातून कोरमंगल्याच्या ऑफिसात मी कुणाचा हात न धरता जाते ती हिच्यामुळे. लोक सांगतात, मेट्रोनं जा, लिफ्ट असते. असते ना. लिफ्टपर्यंत जायला फुटपाथ नसतो. आणि घराचे हप्ते फिटेपर्यंत नव्या गाडीचं नाव काढायची सोय नव्हती. गिअरबॉक्स गेला तर मी घरात बसणार, एवढं सरळ होतं ते.

चामराजपेटच्या गॅरेजवाल्याकडे दोनदा गेले. दोन्ही वेळा त्यानं सकाळी गार गाडी घेतली, गल्लीत एक चक्कर मारली आणि म्हणाला, "माझ्या हातात तर छान चालते, अक्का." बोलणं कानडीत, पण 'माझ्या' या शब्दावरचा जोर कुठल्याही भाषेत कळला असता. माझं डोकं फिरलं. मी बाई, त्यात लंगडी, म्हणजे चालवण्यातच खोट असणार!

तिसऱ्या वेळी मी गाडीतून उतरलेच नाही. "आज तुम्ही बसा. मी चालवते. तापेपर्यंत."

तो कुरकुरत शेजारी बसला. मागच्या सीटवर अण्णा होते. ऐंशी ओलांडलेले, पण मुलगी गॅरेजात एकटी भांडते हे त्यांना चालत नाही. उभा जन्म त्यांनी कारखान्यात लेथ मशीनवर काढला, त्यामुळे यंत्राच्या प्रत्येक आजारावर त्यांच्याकडे एकच औषध. "तेल कमी पडलं तर मशीन मरतं," ते गॅरेजवाल्याला सांगत होते, "जास्त झालं तर नुसतं सांडतं." तो हूं हूं करत होता.

मार्केटच्या गर्दीत अर्धा तास रखडलो. गाडी तापली. गिअर पडताना आधी नुसता उशीर व्हायला लागला, मग इंजिनाचा आवाज चढायचा आणि वेग तेवढाच राहायचा. मी मुद्दाम फ्लायओव्हर घेतला. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? पण तो शेजारी बसलेला असताना गाडी बिघडली नाही तर, ही भीती त्याहून मोठी होती.

चढाच्या मध्यावर ती बिघडली. इंजिन किंचाळलं, आणि गाडी मागे सरकायला लागली. आरशात ऑटोचं पुढचं चाक मोठं होत गेलं. मी ब्रेक दाबून धरला, हँडब्रेक ओढला. गॅरेजवाल्यानं दोन्ही हात डॅशबोर्डवर टेकवले होते. मागून अण्णा "सावकाश, सावकाश" म्हणत राहिले. दोन मिनिटांनी पुन्हा गिअर टाकला, तेव्हा ती रडत रडत वर चढली.

"सरी, बरोबर," तो म्हणाला. "गाडीतच आहे."

गॅरेजात पोचल्यावर त्यानं इंजिन चालूच ठेवायला लावलं, बॉनेट उघडलं आणि गिअर ऑइलची डिपस्टिक उपसली. पट्टीवर खूण कुठेच दिसत नव्हती. तेल तिच्या कितीतरी वर चढलं होतं आणि त्यावर फेस.

"हे तेल आहे की ताक? एवढं कोणी भरलं?"

मी म्हटलं, आम्ही कशाला भरू? मागच्या पावसाळ्यात गिअरबॉक्सचं गळणारं सील बदललं, तेव्हा तुमच्याच गॅरेजनं काही केलं असेल. मी तावातावानं बोलत सुटले होते. मागून अण्णांचा आवाज आला, "मी भरलं. नवमीला."

मग मला दिसलं सगळं. आमच्याकडे खंडेनवमीला कुठलंही हत्यार उपाशी ठेवून पूजत नाहीत. शिलाई मशीन, दाराच्या बिजागऱ्या, अडकित्ता, माझ्या कॅलिपरचा सांधा, सगळ्यांना आधी तेल, मग कुंकू. गाडी फाटकाबाहेर दोन हात काढायची, चाकांखाली लिंबं ठेवायची, आणि अण्णांनी डिपस्टिक बघून गिअरला तेल पाजायचं. पट्टीवर दोन खुणा असतात, खालची गार गाडीची, वरची तापलेल्या गाडीची. पूजेआधी गाडी फिरवायची नाही, म्हणजे ती गारच. आणि अण्णा वरच्या खुणेपर्यंत भरायचे. इतकी वर्षं ते जास्तीचं तेल गळक्या सीलमधून खाली ठिबकत गेलं, आम्ही पार्किंगमधले डाग पुसत राहिलो. या खेपेला सील नवं होतं. तेलाला जायला वाट नव्हती. तापलं की ते आत घुसळून त्याचा फेस व्हायचा, आणि फेसावर गिअर कसा धरणार?

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला?" मी गॅरेजभर ऐकू जाईल अशी ओरडले.

अण्णा गाडीतून उतरले. "कमी पडू नये म्हणून गं. स्वल्पच घातलं होतं की."

गॅरेजवाल्याला आमच्या घरच्या भांडणात रस नव्हता. "आतल्या प्लेटा जळल्या असतील तर हा गिअरबॉक्स संपला, अक्का. याचे पार्ट येत नाहीत आता," तो म्हणाला आणि गाडीखाली गेला. तेल काळपट लाल, धारेनं परातीत पडू लागलं. त्यानं बोट बुडवून वास घेतला. मग तळाचं चेंबर खोलायला लागला. त्यात लोहचुंबक असतं, झिजलेलं लोखंड त्याला चिकटतं. नुसती भुकटी असली तर वाचलो. तुकडे निघाले तर मी उद्यापासून घरात.

अण्णा माझ्या शेजारी बाकावर येऊन बसले. त्यांचे हात मांडीवर उताणे होते. त्या हातांनी त्यांनी माझ्या डाव्या पायाला रोज तिळाचं तेल चोळलं होतं, कारखान्यातून आल्यावर, चहाच्या आधी. डॉक्टरांनी नाही म्हटल्यावरही चोळलं. मी कॉलेजात जायला लागले तेव्हा मीच ते बंद करायला लावलं. पायात काही फरक पडला नाही, सगळं तेल चटईला लागलं. मला रडू येत होतं आणि रागही तसाच होता, दोन्ही एकदम.

गॅरेजवाला चुंबक फडक्यावर पुसून ते फडकं उजेडात घेऊन आला. करडी, मऊ भुकटी. त्यानं ती चिमटीत चोळून पाहिली, पुन्हा पुन्हा.

"तुकडे नाहीत," तो म्हणाला. "थोडक्यात वाचली."

फिल्टर बदलला, नवं तेल घातलं, गाडी तापवून मोजलं. त्याच फ्लायओव्हरवरून मी घरी आले. गाडी चढली. अण्णा त्यानंतर गाडीजवळ फिरकले नाहीत.

यंदाच्या नवमीला त्यांनी शिलाई मशीन पुसलं, बिजागऱ्या केल्या, आणि तेलाची कुपी घेऊन खुर्चीत बसून राहिले. मी किल्ली घेतली. "चला, चक्कर मारून येऊ."

"पूजेच्या आधी?"

"पूजेच्या आधीच."

गाडी चांगली तापवून आणली, फाटकाबाहेर इंजिन चालू ठेवलं आणि डिपस्टिक त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती पुसली, बुडवली, चष्म्याजवळ नेली.

"भरलंय," ते म्हणाले. "वरपर्यंत भरलंय. काही लागत नाही."

मग कोहळा फोडला, कुंकू लावलं. शेवटी राहिलं कॅलिपर. मी पायरीवर बसले, पाय पुढे केला. अण्णा हळूहळू खाली बसले, कुपी सांध्याजवळ नेली आणि थांबले. आजवर त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"एक थेंब घालू का गं?"

"दोन घाला," मी म्हणाले.

त्यांनी दोन घातले, आणि ओघळ आपल्या धोतराच्या सोग्यानं पुसला.